चुलीची चव आणि टाकीचा हिशेब

पुण्यातून पानशेतकडे निघा, मुळशीकडे निघा किंवा सिंहगडाच्या पायथ्याला जा. 'चुलीवरचं मटण', 'चुलीवरची भाकरी', अगदी 'चुलीवरचा चहा' अशा पाट्या दिसायला लागल्या की शहर संपलं असं समजावं. रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन-तीन बायका डोळे बारीक करून भाकऱ्या थापत असतात आणि पुढे मोकळ्या हवेत खुर्च्या मांडलेल्या असतात. धूर कुठल्या अंगाला जाणार हे मालकाला बरोबर कळलेलं असतं.

माझं भांडण त्या मटणाशी नाही. चव वेगळी लागते, मान्य. भांडण आहे ते जेवणानंतर बडीशेप चघळता चघळता निघणाऱ्या निष्कर्षाशी: 'या लोकांना कितीही गॅस द्या, त्यांना चूलच आवडते. सवय आहे.' हेच मत चर्चासत्रांत जरा सभ्य भाषेत ऐकू येतं. तिथे त्याला वर्तनबदलाचा अभाव म्हणतात. मग पुढे ओघाने पथनाट्यं, भिंतीवरच्या घोषणा, जनजागृतीचे मेळावे. मला हा निष्कर्ष चुकीचा वाटतो, आणि तो टिकून आहे तो सोयीचा असल्यामुळे. सवयीला दोष दिला की खर्चाबद्दल बोलावं लागत नाही.

आधी धुराचं बघू. चुलीत हवा पुरेशी खेळत नाही, जाळ सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे लाकूड पुरतं जळत नाही. जे अर्धवट जळतं ते कार्बन मोनॉक्साइड आणि अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने खोलीत राहतं. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक असलेले हे कण, म्हणजे पीएम २.५, फुप्फुसाच्या पार तळापर्यंत जातात. बाहेरच्या हवेसाठी भारताने घातलेली मर्यादा २४ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सुचवली. चूल पेटलेल्या बंद खोलीत हाच आकडा शेकड्यांत असतो, फुंकणी हातात असते तेव्हा हजारांतही जातो. आणि त्या वेळी चुलीपासून हातभर अंतरावर एक बाई बसलेली असते, बऱ्याचदा मांडीवर किंवा पाठीशी मूल घेऊन.

वेल्ह्यात, मुळशीत, मावळाच्या पश्चिमेला हे सगळ्यात वाईट होतं ते पावसाळ्यात. उन्हाळ्यात चूल अंगणात किंवा पडवीत मांडता येते. आषाढात ती आत येते, दार लोटलेलं असतं, वाऱ्यापावसाच्या बाजूला प्लॅस्टिकचा कागद बांधलेला असतो आणि माळ्यावर कितीही रचून ठेवलं तरी सरपण सर्दच असतं. त्यात एक नवीन भर पडली आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नाही. जुन्या कौलारू घरात धूर कौलांच्या फटींतून झिरपून जायचा. घरकुलाच्या स्लॅबमधून तो जात नाही. पक्कं घर मिळालं, चूल तीच राहिली, आणि धुराडं आराखड्यात कुणाला सुचलं नाही.

आता या घरापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिच्या 'सफर' यंत्रणेमुळे पुणेकराला आपल्या हवेचा दर्जा रोजच्या रोज मोबाइलवर कळतो. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात देशातली १३१ शहरं आहेत, पुणे त्यांपैकी एक. कार्यक्रम शहरांचा आहे. खेड्यातल्या स्वयंपाकघराला त्यात जागा नाही. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०२४ मध्ये या निधीचा हिशेब मांडला तेव्हा ६४ टक्के पैसा रस्त्यावरच्या धुळीवर गेल्याचं दिसलं. झाडू मारणारी यंत्रं आणि पाण्याचे फवारे दिसतात, उद्घाटनाला बरे असतात. पण धूर हद्द ओळखत नाही. देशातल्या बाहेरच्या हवेत जे पीएम २.५ आहे, त्याचा सुमारे चौथा हिस्सा घरगुती जळणातून येतो असे अंदाज आहेत. म्हणजे खेड्यातली चूल हा शहरी फुप्फुसाचाही विषय आहे. अर्थात, आपल्या फुप्फुसाला त्रास होतो म्हणून तिच्याकडे बघायचं, हे कारण मला फारसं शोभणारं वाटत नाही.

हे काही नव्याने कळलेलं नाही. चुलीच्या धुराचे अभ्यासक कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर यंत्रं लावून धूर मोजला होता. २००९ मध्ये पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की सीओपीडी या श्वासनलिकांच्या कायमच्या आजाराचं जगातलं सगळ्यात मोठं कारण तंबाखू नसून जळणाचा धूर असू शकेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात ३२ लाख माणसं मेली. त्यांत पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजारांहून अधिक मुलं होती. इतकं होऊनही प्राथमिक आरोग्य केंद्रात दम लागतो म्हणून आलेल्या साठीच्या बाईला पहिला प्रश्न विडी-तंबाखूचा असतो. ती 'नाही' म्हणते आणि विषय तिथेच संपतो. किती वर्षं चुलीपुढे बसलात, हे विचारायची रीत नाही. फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजायचं यंत्र, स्पायरोमीटर, हे काही महागडं विज्ञान राहिलेलं नाही, पण ते तालुक्याच्या गावापर्यंतही सहसा पोचत नाही. मग खोकल्याचं औषध घ्यायचं आणि 'वयोमानाने होतं' म्हणायचं.

उपाय झाले नाहीत असं नाही. १९८३ पासून केंद्राने निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला. २००२ पर्यंत साडेतीन कोटींच्या आसपास चुली वाटल्या गेल्या. महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या आरती संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या मंडळींनी, पुष्कळ मन लावून केलं. धुराडं असलेली दोन भांड्यांची 'लक्ष्मी' चूल त्यांचीच. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्यासाठी २००२ मध्ये आणि घरगुती छोट्या बायोगॅससाठी २००६ मध्ये त्यांना ॲशडेन पुरस्कार मिळाले. तरी खेडोपाडी आज निर्धूर चुलीचे अवशेषच दिसतात. धुराड्यात काजळी साचते, ती दर थोड्या दिवसांनी काढावी लागते, पाइप गंजतो, लिंपण तडकतं, आणि दुरुस्तीला कुणी येत नाही, कारण अनुदान चूल बसवण्याचं होतं. अर्थतज्ज्ञ एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी ओडिशात सुधारित चुलींचा चार वर्षं माग ठेवला, त्यात हेच निघालं: पहिल्या वर्षी धूर कमी झाला, पुढे चुली मोडत आणि बाजूला पडत गेल्या तसा फायदा विरून गेला. पुण्याच्याच फर्स्ट एनर्जी कंपनीची 'ऊर्जा' शेगडी आठवत असेल. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आराखडा झालेली, पंख्यावर चालणारी, शेतातल्या टाकाऊ मालाच्या गोळ्या जाळणारी. लाखांनी विकली गेली, बायकांनी आनंदाने वापरली. मग त्या टाकाऊ मालाला कारखान्यांकडून भाव यायला लागला, गोळ्या महागल्या आणि शेगड्या माळ्यावर गेल्या. बायकांची सवय तर बदलली होती. गोळ्यांचं पोतं परवडेनासं झालं.

म्हणूनच १ मे २०१६ ला गरीब घरांना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना आली तेव्हा मला ती योग्य दिशेची वाटली होती, आजही वाटते. चूल सुधारत बसण्यापेक्षा जळणच बदलायचं, हा विचार बरोबर होता. दहा कोटींहून अधिक जोडण्या झाल्या, आणि त्या बाईच्या नावावर झाल्या. हे श्रेय द्यायला हात आखडता घेण्याचं कारण नाही. पण जोडणी एकदाच द्यायची असते, टाकी मात्र वर्षभर भरावी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, ग्रामीण भारतातली फक्त ४३ टक्के घरं स्वयंपाकासाठी मुख्यतः स्वच्छ इंधन वापरत होती.

महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात उज्ज्वलाच्या जुन्या ग्राहकांची सरासरी काढली: वर्षाला ३.२१ टाक्या. पाच माणसांचं सगळं रांधणं गॅसवर करायचं तर सात-आठ तरी लागतात. या सरासरीचा पुढचा प्रवास बघण्यासारखा आहे. २०१९-२० मध्ये ती ३.०१ होती. २०२०-२१ मध्ये एकदम ४.३९ झाली. त्या वर्षी बायकांची सवय अचानक बदलली का? नाही, टाळेबंदीत सरकारने तीन टाक्या फुकट दिल्या. पुढच्या वर्षी त्या बंद झाल्या, गॅस महागत गेला, अनुदान जवळजवळ शून्यावर होतं, आणि सरासरी ३.६८ वर उतरली. २०२२ च्या मे महिन्यात टाकी हजाराच्या पुढे गेली तेव्हा उज्ज्वलासाठी २०० रुपये अनुदान परत सुरू झालं, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ते ३०० झालं, आणि २०२३-२४ ची सरासरी ३.९५ वर आली. वर्तनबदलाचा यापेक्षा स्वच्छ आलेख मला तरी ठाऊक नाही. बाई किमतीकडे बघून वागते, जशी पेट्रोल पंपावर आपण वागतो.

शिवाय किंमत म्हणजे नुसता आकडा नव्हे, ती कधी आणि कशी मोजावी लागते हेही आहे. एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपये वाढल्यावर टाकी साडेआठशेच्या आसपास गेली. अनुदान नंतर खात्यात येतं, पण एजन्सीच्या माणसाच्या हातात पूर्ण रक्कम आधी ठेवावी लागते. रोजगार हमीचा राज्यातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे जवळजवळ तीन दिवसांची मजुरी एकरकमी. रोजंदारीच्या घरात पैसा आठवड्याच्या बाजाराला येतो आणि बाजारातच संपतो. टाकी महिन्याच्या पगाराच्या मापाने बनवलेली आहे. राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन टाक्या मोफत आहेत, पण तिथेही पैसे आधी भरायचे आणि मग खात्यात जमा होण्याची वाट बघायची. मोफत हा शब्द कागदावर खरा आहे. ज्या दिवशी टाकी संपते त्या दिवशी तो उपयोगाचा नाही. कुणाचं केवायसी राहिलेलं, कुणाची जोडणी नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, त्यामुळे ती या योजनेबाहेर. आणि टाकी घरपोच मिळते ती डांबरी रस्त्यालगतच्या घराला. वाडीवरच्या घरासाठी गाडी फाट्यावर उभी राहते. पुढचा चढ टाकी खांद्यावर किंवा दुचाकीला आडवी बांधून.

समोर जंगल असतं, बांधावर बाभूळ किंवा सुबाभूळ असते, गोठ्यात शेण असतं. हे जळण फुकट आहे असं घरातले म्हणतात, कारण मोळी आणणारीचा वेळ हिशेबाच्या वहीत कुठेच लिहिला जात नाही. टाकीचे पैसे बहुतेक घरांत पुरुषाच्या खिशातून जातात आणि सरपण बाईच्या डोक्यावरून येतं. निर्णय कुणाचा आणि किंमत कुणाची, हे एकदा असं शेजारी शेजारी मांडलं की चुलीच्या 'आवडी'बद्दल बोलताना जीभ जरा अडखळते.

तरीही कुणी म्हणेल, पैशाची अडचण काढून टाका, मग बघू. तसं करून बघितलेलं आहे. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत सुमारे ३२०० गर्भवतींवर हेपिन नावाचा मोठा प्रयोग झाला. भारतातली गावं तामिळनाडूतली होती. निम्म्या घरांना शेगडी आणि दीड वर्षभर लागेल तेवढा गॅस दारात, फुकट दिला. त्या घरांतली चूल जवळजवळ विझलीच. बायकांच्या श्वासातलं पीएम २.५ दुसऱ्या गटात ७० च्या आसपास होतं, ते इथे २४ वर आलं. सवय, चव, परंपरा हे सगळं दारात आलेल्या टाकीपुढे टिकलं नाही.

याच प्रयोगाची दुसरी बाजू गॅसचे पुरस्कर्ते सहसा सांगत नाहीत. बाळांच्या जन्मवजनात लक्षणीय फरक पडला नाही आणि पहिल्या वर्षातला गंभीर न्यूमोनियाही कमी झालेला दिसला नाही. ज्यांना गॅसवरचा खर्च नकोच आहे त्यांच्या हाती यामुळे मुद्दा मिळाला, हे कबूल करायला हवं. मला त्याचा अर्थ इतकाच दिसतो, की दीड वर्षाच्या स्वच्छ हवेने सगळं भरून निघत नाही. बाई गरोदर राहण्याआधी वीसेक वर्षं धुरात राहिलेली असते, शेजारच्या घरांच्या चुली चालूच असतात, आणि २४ हा आकडाही वर्षभरासाठी सुचवलेल्या ५ च्या जवळपास पाचपट आहे. एका घरात गॅस आणि आजूबाजूला धूर, यातून फारसं साधत नाही. अख्खी वाडी बदलली तर काय होतं, ते बघायला हवं. आणि समजा आरोग्याचा फायदा अपेक्षेपेक्षा कमी निघाला, तरी डोळ्यांची आग, मोळीचा भार आणि पहाटेची फुंकणी एवढ्यासाठी गॅस देणं मला महाग वाटत नाही. शहरात गॅस घेताना कुणी आपल्याकडे न्यूमोनियाचा पुरावा मागितला नव्हता.

एका बाबतीत मात्र गॅसवाल्यांचाही हिशेब कच्चा आहे. चूल फक्त स्वयंपाकासाठी पेटत नाही. पहाटे ती सगळ्यात आधी पेटते अंघोळीच्या पाण्यासाठी. पाच माणसांच्या अंघोळीला ५० लिटर पाणी ४० अंशांनी तापवायचं म्हटलं, तर शेगडीवर रोज साधारण ३०० ग्रॅम गॅस जाईल, १४.२ किलोची टाकी नुसत्या पाण्यात दीड महिन्यात संपेल. कुठलीही शहाणी बाई हे करणार नाही. ती पाणी चुलीवर ठेवणार, आणि चूल पेटलेलीच आहे म्हटल्यावर त्याच जाळावर भाकऱ्या टाकून घेणार. गॅस उरतो चहाला, पाहुण्यांना आणि मुलांच्या शाळेच्या डब्याला. घरात गॅस असूनही धूर का जात नाही याचं अर्धं उत्तर या पाण्यात आहे, आणि एकाही सरकारी योजनेत पाणी नाही. बाहेर पडवीत, धुराडं असलेला बंब लाकडावर चालला तर मला चालेल. धूर होईल, पण खोलीत नाही. जिथे वीज सरळ आहे तिथे हेच पाणी रोज अडीच युनिटांत तापतं. शिरूर-इंदापूरच्या कोरड्या पट्ट्यात सौर बंब वर्षातले बरेच महिने काम करेल. पुण्यातल्या सोसायट्यांच्या गच्च्या सौर बंबांनी भरल्या, त्यामागे बांधकाम परवानगीच्या अटी आणि कराची सवलत होती. घरकुलाच्या अनुदानात एक बंब आणि एक धुराडं धरायला नवा शोध लावावा लागणार नाही.

टाकीच्या बाबतीत माझं म्हणणं थोडक्यात असं: अनुदान वजा करूनच दारात पैसे घ्यावेत, तीनऐवजी निदान सहा टाक्या परवडतील अशी किंमत ठेवावी, आणि वाडीवर टाकी पोचवण्याचं काम बचत गटाला कमिशनवर द्यावं. पैसा कुठून? स्वच्छ हवेच्या निधीला शहराची हद्द आहे ती काढली तर काही इथून. शहर आणि खेडं यांचं हवेचं खोरं एक आहे हे एकदा मान्य केल्यावर पुण्याच्या हवेसाठीचा पैसा मुळशीच्या स्वयंपाकघरात खर्च करणं हा उपकार ठरत नाही.

या सगळ्यातून सुटलेलं एक मोठं गाव आहे, ते दर हंगामात वसतं आणि उठतं. दिवाळीनंतर बीड-अहिल्यानगरकडच्या ऊसतोड टोळ्या बारामती, इंदापूर, दौंड, शिरूरच्या फडांवर येतात. पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात, पहाटे तीनला बाई उठते, भाकऱ्या थापून उजाडायच्या आत फडात जाते. तिच्या नावावर गॅस असलाच तर तो गावाकडे, कुलूपबंद घरात. स्थलांतरितांना पत्त्याच्या पुराव्याशिवाय, स्वतःच्या लेखी निवेदनावर जोडणी मिळावी, अशी तरतूद २०२१ च्या दुसऱ्या उज्ज्वलात आहे. पाच किलोची छोटी टाकीही बाजारात आहे. कोपीला पाचटाचा आडोसा, तिथे गॅस धोक्याचा, हा आक्षेप ऐकला आहे. पण आत्ता त्याच पाचटाशेजारी उघडा जाळ असतो, तो कुणाला धोक्याचा वाटत नाही. शेगडी कोपीबाहेर पत्र्याच्या आडोशाला ठेवता येते. राज्यात ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे, आणि त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलेलं आहे. टोळीत किती कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, आहेत याची नोंद मुकादमाकडे आणि कारखान्याच्या शेतकी विभागाकडे असते. त्या नोंदीवर प्रत्येक कोयत्यामागे एक शेगडी आणि हंगाम संपेपर्यंत छोट्या टाकीची बदली, कारखान्याच्या गेटवर. येत्या हंगामात पुणे जिल्ह्यातल्या एका कारखान्याने हे करून बघावं, आणि किती टाक्या बदलल्या गेल्या तो आकडा मार्चमध्ये जाहीर करावा.